दहा बाय बारा

१.
स्पीकरच्या दुकानात जाण्याआधी खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून कागदावर लिहून न्यावी. दुकानात विचारतात ते बजेट.

२.
आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की खोलीचा स्वतःचा सूर निघतो. १२ फुटांचा ४७ हर्ट्झ, १० फुटांचा ५६. त्या सुरांना खोली घुमते. स्पीकर दहा हजारांचा असो की दहा लाखांचा, ती घुमतेच.

३.
१० बाय १० असेल तर दोन्ही बाजू एकाच सुराला घुमतात. चौरस खोलीत मोठा स्पीकर नको.

४.
पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा सा १३९ हर्ट्झच्या आसपास. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४. डग्ग्याची घुमारी सोडली तर ख्यालाच्या मैफलीत या खर्जांच्या खाली फार थोडं असतं. पियानोचा सर्वांत खालचा सूर मात्र २७.५ हर्ट्झचा, आणि चर्चमधला मोठा ऑर्गन १६ पर्यंत उतरतो. ऑर्गन ऐकणाऱ्याला स्पीकरची मोठी पेटी लागते, आणि ती मावेल असं घरही. ख्याल ऐकणाऱ्याला दोन्ही लागत नाही. ही गोष्ट कोणत्याही कॅटलॉगात लिहिलेली नसते, कारण कॅटलॉग आपल्या गाण्यासाठी लिहिलेले नसतात.

५.
आठ फूट रुंदीच्या खोलीचा सूर ७० हर्ट्झ. म्हणजे जवळजवळ काळी एकचा खर्ज. अशा खोलीत तंबोरा गायकाच्या अंगावर येतो.

६.
स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून ६२ सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज नेमका १३९ हर्ट्झला उलटा पडतो आणि मूळ आवाजाला खातो. काळी एकचा सा फिका होतो. दोन फूट हे अंतर सगळ्यांना सोयीचं वाटतं, म्हणून हे घरोघरी घडतं. स्पीकर अर्धा फूट मागे सरकवला की खड्डा १८० हर्ट्झच्या पुढे जातो. खर्च शून्य.

७.
गाणं शिकवणाऱ्या शेजारच्या बाईंना स्पीकरवर तंबोरा ऐकायला मुद्दाम बोलावलं. स्पीकरकडे त्यांनी पाहिलंही नाही. डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "जोड ऐकू येतेय, खर्ज नाही. आणि पंचमाची जवारी कुणीतरी पुसून टाकलीय." स्पीकरच्या परीक्षेत मी इतकं नेमकं मत दुसरं ऐकलेलं नाही.

८.
एलएस ३/५ए. सत्तरच्या दशकाच्या मध्यात बीबीसीच्या अभियंत्यांनी बनवला. बाहेरच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण जिथून सांभाळायचं त्या गाडीत मोठा स्पीकर मावेना आणि हेडफोनवर भरवसा ठेवता येईना, ही त्याची जन्मकथा. फूटभर उंच, साडेसात इंच रुंद, मागेपुढे कुठेही भोक नसलेली पेटी, आत केईएफचे दोन ड्रायव्हर. बीबीसीचे लोक समोर बोलणाऱ्या माणसाचा आवाज आणि स्पीकरमधून येणारा आवाज शेजारी शेजारी ताडून पाहत. म्हणूनच या घराण्याच्या स्पीकरमधून माणूस माणसासारखा बोलतो. खालचे सूर त्यात जवळजवळ नाहीत. वरच्या बासमध्ये किंचित फुगवटा आहे, त्याने ते असल्याचा भास होतो. लहान खोलीसाठी केलेल्या वस्तूंत याच्याइतका मान मी दुसऱ्या कशाला देत नाही. रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ यांनी बीबीसीच्या परवान्यावर तो बनवला. केईएफने २०१२ मध्ये आणलेल्या एलएस५० चा पूर्वजही हाच.

९.
यामाहाचा एनएस-१० १९७८ मध्ये घरासाठी म्हणून आला. घरांनी नाकारला. जगभरच्या स्टुडिओंनी उचलला, कारण त्यात दोष लपत नाहीत. घरी दोष शोधायला कोण बसतं?

१०.
क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक. पेटीच नाही. विजेच्या भाराने हलणारा पातळ पडदा, पुढे आणि मागे सारखाच आवाज टाकणारा. बाजूला आवाज जवळजवळ जात नाही, त्यामुळे बाजूच्या भिंती गप्प राहतात. मी ऐकलेला सर्वांत खरा गळा याच जातीच्या स्पीकरमधला. पुण्यातही केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर बनवले. पण या पडद्याला पाठीमागे मोकळी जागा हवी, चार फूट तरी. दहा बाय बारात ती काढली की खुर्ची दाराबाहेर जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

११.
बोसचा ९०१, १९६८. नऊ ड्रायव्हर, त्यांपैकी आठ भिंतीकडे तोंड करून.

१२.
दक्षिण मुंबईत एक चौरस फूट जागेच्या पैशांत बुकशेल्फ स्पीकरची बरी जोडी येते. ती स्टँडवर ठेवून आजूबाजूची मोकळी जागा धरली की वीस चौरस फूट जातात.

१३.
फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमन कंपनीत वर्षानुवर्षं एक काम केलं: पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवणं. पडदा काढला की त्याच माणसांनी दिलेले गुण बदलत. आकार, नाव, किंमत दिसली की कान डोळ्यांचं ऐकतात. दुकानात पडदा मागायला संकोच करू नये.

१४.
टूल यांचाच दुसरा निष्कर्ष: दोष एका स्पीकरवर जास्त चांगले कळतात, जोडीवर कमी. आपल्याकडे तर ७८ आरपीएमच्या सगळ्या जुन्या तबकड्या मोनोच आहेत. एक डिजिटल प्रत घेऊन जावी आणि एकाच स्पीकरवर लावायला सांगावं.

१५.
सतरंजीने वरचे सूर शमतात, खालचे नाहीत. ६९ हर्ट्झची लाट पाच मीटर लांब. ती शोषायला सव्वा मीटर जाडीचा कापूस हवा. कोपऱ्यात उभी केलेली जाड गादी थोडं काम करते, आणि पाहुणे आले की अंथरताही येते.

१६.
एका वॉटला ८३ डेसिबल देणारा स्पीकर आणि ८९ देणारा. तितकाच आवाज हवा असेल तर पहिल्याला चौपट वॉट लागतात. मैदानात हा फरक मोठा. सहा फुटांवर बसणाऱ्याला नाही.

१७.
फ्लेचर आणि मन्सन यांचा निष्कर्ष, १९३३: आवाज लहान केला की कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. रात्री अकरानंतर, शेजारी झोपलेले असताना, महागडा स्पीकरही पातळ वाटतो. यात त्याचा दोष नाही.

१८.
मागे भोक असलेली पेटी कोपऱ्यात ठेवली की गुबगुब करते. काही कंपन्या भोकात घालायला फोमचे बोळे देतात. ते फेकू नयेत.

१९.
सबवूफर? या खोलीत नको.

२०.
दहा बाय बाराला माझा कौल: बंद पेटी, पाच इंची वूफर, एक ट्वीटर, जड स्टँड. बारा फुटी बाजूने आवाज टाकायचा. उरलेले पैसे रेकॉर्डना.

२१.
आठवडाभर घरी नेऊन ऐकू देणार नाही त्या दुकानातून लाखाची जोडी घेऊ नका. घरी आणल्यावर पहिले दोन दिवस फक्त तंबोरा लावा. चारही तारा वेगळ्या ऐकू आल्या नाहीत तर परत करा.