दोनशे पावलांची फळी

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून ते उभे राहिले आणि 1998 साली सर्वांसाठी खुले झाले. डोळ्यांच्या तपासणीसाठी बार्शीहून आलेल्या थोरल्या बंधूंना, म्हणजे दादांना, मी गेल्या दिवाळीनंतर तेथे घेऊन गेलो.

एका दालनात अख्खे शहर मांडलेले आहे. सिग्नल पडतो, गाडी थांबते, दुसरी सुटते. मग दालनात काळोख होतो आणि इवल्याशा घरांतून दिवे लागतात. मुले टाळ्या वाजवीत होती. दादा मात्र शेवटपर्यंत हाताची घडी घालून उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “ज्याने हे जन्मभर जमवले, त्याच्या पदरात काय पडले?”

प्रश्न जोशी यांच्याविषयी नव्हता, माझ्याविषयी होता. निवृत्तीनंतर मीही घरातल्या मागच्या खोलीत अशीच एक रेल्वे मांडली आहे. तिच्यावर झालेला खर्च मी दादांना कधी सांगितला नव्हता.

माझी रेल्वे बार्शीची आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी रुळांचा मार्ग बांधला. 1897 साली त्यावरून गाड्या धावू लागल्या. पुढे तो एका बाजूस लातूर आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेला. आमच्या लहानपणी गावची ज्वारी आणि तूर याच गाडीने बाहेर पडे. आता तेथे ब्रॉडगेज आहे. लहान गाडी इतिहासजमा झाली.

या छंदात 1:87 हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. तिला 87 ने भागल्यास 19 मिलिमीटरच्या वर आकडा येतो. बाजारात या प्रमाणाचे रूळ मिळतात ते मात्र साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोपच्या मापाने बनतात. बार्शीचे गणित वेगळे. 762 ला 87 ने भागा, पावणेनऊ येतात. आणि 9 मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. पाव मिलिमीटरची ही तफावत बँकेच्या ताळेबंदात चालली नसती, येथे चालते.

लांबीचा हिशेब मात्र जुळत नाही. कुर्डुवाडी-बार्शी अंतर सुमारे 21 मैल. तेवढे खरे मांडायचे तर 390 मीटरांच्या आसपास जागा हवी. माझी फळी आठ फुटांची. तिच्यावर प्रत्यक्षातले जेमतेम 212 मीटर मावतात. म्हणून या छंदात काय ठेवायचे यापेक्षा काय गाळायचे, हेच आधी ठरवावे लागते. मी स्थानक ठेवले, मालधक्का ठेवला, एक पूल ठेवला. आमची वखार धक्क्यापासून वीतभर अंतरावर आणून बसवली.

त्या संध्याकाळी दादा प्रथमच त्या खोलीत आले. मी रूळ पुसून घेतले, कारण धूळ बसली की वीज नीट पोहोचत नाही आणि इंजिन अडखळते. कळ फिरवली. गाडी पूल ओलांडून धक्क्याला लागली. दादा वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी वखारीवर बोट ठेवले.

“ही इतकी जवळ नव्हती रे. दोनशे पावले होती.”

मी म्हणालो, “दादा, जागा नाही. कुठेतरी आखडावे लागते.”

“आखड की,” ते शांतपणे म्हणाले. “पण ती दोनशे पावले मी मोजलेली आहेत. हमाल आले नाहीत की पोती मीच वाहत असे.”

अण्णा गेले तेव्हा दादा इंटरला होते. त्यांनी कॉलेज सोडले आणि आडतीच्या गादीवर बसले. मी पुण्यात शिकत राहिलो. माझ्या एम.कॉम.च्या शुल्काची नोंद त्याच दुकानाच्या रोजकीर्दीत आहे. चाळीस वर्षे इतरांची खाती तपासण्यात गेली. हे खाते मी उघडून पाहिले नव्हते. आणि आता छंदाच्या सोयीसाठी मी नेमकी तीच दोनशे पावले गाळली होती.

दादा परतल्यावर मी हिशेब केला. दोनशे पावले म्हणजे सुमारे दीडशे मीटर. भागून पावणेसहा फूट. तेवढ्या लांबीची एक अरुंद फळी आणून मी धक्क्याला जोडली. ती खोलीच्या दारापर्यंत पोहोचते. आत येताना जरा अंग चोरावे लागते. टोकाला वखार आहे, मध्ये धुळीचा रस्ता, आणि रस्त्यावर पाठीवर पोते घेतलेला दोन सेंटिमीटरांचा एक माणूस.

पाहायला येणारे विचारतात, या फळीवर रूळ का नाहीत? मी सांगतो, येथून पुढे माल माणसाच्या पाठीवरून जात असे.