खर्जाची तार

बदलीच्या गावी माणूस आपले काहीतरी बरोबर नेतोच. दिल्लीस येताना आम्ही घरच्या बैठकीचे एक जुने ध्वनिमुद्रण आणले. वडील गात आहेत, मागे आई मिरजेचा तंबोरा धरून बसली आहे. कचेरीच्या वाटेवर मोटारीत आम्ही तेच ऐकतो. पण गाडीबरोबर आलेल्या स्पीकरांचे पडदे कागदी, चुंबक चिमुकले. त्यांतून वडीलच तेवढे ऐकू येत.

अखेर करोलबागेत साडेसहा इंची नवे स्पीकर बसविले. कारागिराने दाराचा पत्रा आतून जाड पट्ट्यांनी मढविला, फटी बुजविल्या. तरी आवाज पोकळच! पाहतो तो डाव्या दारातल्या तारा उलट जोडलेल्या. एक पडदा पुढे सरके तेव्हा दुसरा मागे जाई, आणि खालचे सूर परस्परांना गिळून टाकीत.

तारांची अदलाबदल झाली आणि सेकंदाला सुमारे ७० कंपनांची खर्जाची तार गाडीभर घुमू लागली. ती आमची आई होती. तिला जाऊन नऊ वर्षे झाली. ध्वनिमुद्रणात ती होतीच, आम्ही मात्र तिच्यावाचून ऐकत आलो. त्या दिवशी कचेरी आली, तरी आम्हांस गाडीतून उतरवेना.