मुरघास

‘बनगरवाडी’ शिकवताना शेवटाशी आलो की मी दरवर्षी थोडा अडखळतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या या १९५५ सालच्या कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ‘नियती’ हा शब्द हमखास लिहितात. आम्ही प्राध्यापकही त्याला सढळ हाताने गुण देतो. माझे घर मात्र माण तालुक्यातल्या मेंढपाळांचे. त्यामुळे त्या पानांवर मला एक अगदीच असाहित्यिक प्रश्न पडतो : श्रावण-भाद्रपदात माळावर जे हिरवे उगवते, ते वैशाखापर्यंत टिकवता आले असते तर?

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हयातभर मेंढरे फिरवली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचे, कोकणाच्या बाजूला उतरायचे, वाटेत कुणाच्या रानात खतासाठी मेंढरे बसवून मोबदल्यात धान्य घ्यायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या वाटांचा आणि देवांचा केलेला अभ्यास मी एम.ए.ला असताना वाचला. आपल्या बापाचे चालणे हा संशोधनाचा विषय होऊ शकतो याचा मला केवढा अभिमान वाटला होता! तो आबांना सांगितला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “त्येंच्या पायाला फोड आलं न्हवतं का?”

धाकटा भाऊ फिरत नाही. पाच वर्षांपूर्वी त्याने साठ मेंढ्या गोठ्यात आणल्या. त्यांतल्या काही फलटणच्या निंबकर संस्थेने विकसित केलेल्या नारी सुवर्णा. (जाई निंबकर आपल्याला लेखिका आणि इरावतीबाईंची कन्या म्हणून ठाऊक असतात, त्यांचे पती बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली ही संस्था काढली. वाङ्मयाच्या इतिहासात मेंढ्यांना जागा नसते, म्हणून इथे सांगितले.) सुंदरबनातल्या गरोल मेंढीचे जनुक त्यांच्यात असल्यामुळे त्या पुष्कळदा जुळी देतात. अशा मेंढीला गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत नुसता कडबा पुरत नाही. पोटात पिले वाढतात, चाऱ्याला जागा कमी उरते. म्हणून जे खाईल ते कसदार हवे.

त्यासाठी भाऊ मुरघास करतो. मला आधी हा शब्दच आवडला. मराठीत घास असतो तो तोंडातला, नाहीतर लसूणघास. गवताला घास म्हणतात ते हिंदीत. आणि मुरणे हे तर आपल्या भाषेतले फार खोल क्रियापद. लोणचे मुरते, पाणी मुरते, माणूस धंद्यात मुरतो. साऱ्यांतच वेळ आहे आणि काहीसे झाकलेपणही.

मका आणि चवळी तो एकत्र पेरतो. बांधावरचे मारवेलही त्यात घालतो. मकाही वनस्पतिशास्त्राने गवताच्याच कुळातला. त्याच्यात साखर असते, चवळीत प्रथिने. नुसती चवळी कोंडली तर नीट आंबत नाही : साखर थोडी, आणि तयार होणारे आम्ल निष्प्रभ करण्याची ताकद मोठी, मग ती सडू लागते. मक्याची साखर जिवाणूंच्या कामी येते, लॅक्टिक आम्ल तयार होते आणि सामू चारच्या आसपास उतरला की चारा टिकतो. दोन-तीन भाग मका-गवत, एक भाग चवळी, असा भावाचा हिशेब. दाणा चिकात असतानाच कापायचे, थोडे सुकवायचे, कुट्टी करायची, आणि ती गाईम्हशींच्या चाऱ्याहून बारीक, कारण मेंढी जाड तुकडे मागे टाकते. थरावर थर तुडवत हवा काढायची, पिशवीचे तोंड आवळायचे आणि पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही.

आबांना हे मुळीच पसंत नव्हते. “आंबल्यालं जित्राबाला घालतूस?” त्यांचे म्हणणे असे, की माळावरची मेंढी दिवसात दहा ठिकाणी तोंड लावते, आपल्याला काय हवे ते स्वतः निवडते, गव्हाणीत ती निवड मालकाकडे जाते. हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. एका पिशवीला उंदराने भोक पाडले होते. भाऊ ती उघडून काळपट, बुरशी धरलेला कडेचा थर पाट्यांत भरत होता. चार पाट्या उकिरड्याकडे निघाल्या तेव्हा मी म्हणालो, “अरे, एवढं कशाला टाकतोस? बुरशी झटकून घाल.” बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला चारा टाकलेला पाहवत नाही, असे मी स्वतःला नंतर समजावले. खरे कारण साधे होते. मी थोरला, शिकलेला. या घरात माझा शब्द कुणी मोडत नाही, आणि ते मला ठाऊक होते. भावाने माझ्याकडे पाहिले आणि दोन पाट्या गव्हाणीत रिकाम्या केल्या.

तीन आठवड्यांनी फोन आला. एक मेंढी एकाच बाजूने गोल फिरत होती. कान लोंबलेला, तोंडातून लाळ, गालात चघळलेला चारा तसाच. आबांना तो जुना ओळखीचा आजार वाटला, डोक्यात पाण्याची गाठ होते तो. पण त्यात मेंढी हळूहळू खंगत जाते. ही दुसऱ्या दिवशी आडवी झाली. तोवर आणखी तीन फिरू लागल्या. डॉक्टरांनी ताप पाहिला, चेहऱ्याची लुळी बाजू पाहिली आणि विचारले, मुरघास कसा आहे? मातीतला लिस्टेरिया नावाचा जिवाणू हवा शिरलेल्या, आम्ल न धरलेल्या मुरघासात वाढतो आणि मेंदूचा आजार दिसायला काही आठवडे जातात. इंजेक्शनांनी एक वाचली. तीन गेल्या, त्यांतल्या दोन गाभण होत्या.

“दादा, उंदरांचं मीच बघायला पाहिजे होतं,” एवढेच भाऊ म्हणाला. माझा वाटा त्याने स्वतःच्या खात्यावर घेतला आणि मी तो घेऊ दिला. चार महिने.

शिमग्याला गेलो तेव्हा आबांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वास घेतला व्हतास का?”

मी घेतला नव्हता.

आता पिशवी उघडताना आबा तोंडाशी बसतात. चारा त्यांना अजूनही आवडत नाही, पण पहिली मूठ त्यांचीच असते. मागच्या खेपेला त्यांनी ती माझ्या नाकाखाली धरली. “सांग.”

“आंबूस आहे. पण गोडसर.”

आबांनी मूठ पाटीत टाकली आणि कडेचा थर खरवडायला घेतला.