कळव्याच्या ओसरीवरील तसबीर

गेल्या रविवारी ठाण्याची खाडी ओलांडून आम्ही कळव्यास एका आप्तांकडे गेलो. ओसरीवर एका तरुण स्त्रीची जुनी तसबीर होती. ती कोणाची, हे घरात कोणासच ठाऊक नव्हते!

"जहागीरदारीण असावी," आजोबा म्हणाले.

"छे! चांगली खाष्ट सासू दिसते," आत्याबाईंनी निकाल दिला. एकच हशा पिकला.

आम्ही तसबीर उलटून पाहतो तो मागे नाव : डॉ. आनंदीबाई जोशी. येथून गाडीने घटकाभरावर असलेल्या कल्याणच्या घराण्यात १८६५ साली जन्म. १८८६ साली फिलाडेल्फियास डॉक्टरीची पदवी. १८८७ साली, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास मृत्यू.

ओसरी स्तब्ध झाली. आत्याबाईंनी पदराने काच पुसली. "अगं बाई, सासू व्हायला पोर जगली कुठे?"

वाचकहो, आपल्याही भिंतीवरील तसबिरी एकदा उलटून पाहाव्यात.