पोरांचे करार: सही कधी घ्यायची?

फुटबॉल बघणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद दर सीझनला ठरलेला असतो. अठरा-एकोणीस वर्षांचा कुणी पोरगा चार मॅचेस झकास खेळतो आणि लगेच अर्धे लोक ओरडायला लागतात, "अरे, आधी त्याचा करार वाढवा!" उरलेले अर्धे म्हणतात, "थांबा जरा, अजून मिसरूड फुटतंय त्याला." मी पहिल्या पार्टीतला. पण माझं म्हणणं नुसतं 'वाढवा' एवढंच नाही. सही लवकर घ्यावी, पगार मात्र हळूहळू वाढवावा, आणि पहिली सही झाली की पुढच्या सहीची तारीख त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवावी. आता हे का, ते जरा उदाहरणांसकट सांगतो.

आधी थोडं बॅकग्राउंड, ज्यांना फुटबॉलचं हे सगळं प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. आपण नोकरी बदलतो तेव्हा राजीनामा टाकतो, नोटीस पीरियड कसाबसा ढकलतो आणि सुटतो. फुटबॉलपटूचं तसं नसतं. कराराची मुदत बाकी असेल तर त्याला नेणाऱ्या क्लबाला जुन्या क्लबाशी घासाघीस करून ट्रान्सफर फी मोजावी लागते. मुदत संपली की मात्र तो मोकळा. पूर्वी मुदत संपल्यावरसुद्धा क्लब फी मागत अडवून बसायचे. जाँ-मार्क बोस्मान नावाचा एक बेल्जियन खेळाडू त्याविरुद्ध थेट युरोपियन न्यायालयात गेला आणि डिसेंबर 1995 मध्ये जिंकला. तेव्हापासून युरोपात चित्र पालटलं. शिवाय फिफाच्या नियमाप्रमाणे कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढचा करार उघडपणे करू शकतो. लेवांडोवस्कीने जानेवारी 2014 मध्ये असाच बायर्न म्युनिकशी करार केला. डॉर्टमुंडला त्याच्या बदल्यात एक छदाम मिळाला नाही.

म्हणजे काय, तर सही झाली म्हणून पोरगं कायम आपलं होत नाही. त्याचं मन उडालं की तो जाणारच. सहीमुळे फक्त त्याची किंमत आपल्या हातात राहते. आणि ही किंमत बर्फासारखी असते. चार वर्षं बाकी असताना लादी अख्खी, दोन वर्षं उरली की पाणी सुटायला लागतं, शेवटच्या वर्षात समोरचा क्लब निवांत बसून वितळायची वाट बघतो.

हे आर्सेनलवाल्यांना वेगळं सांगायला नको. (हो, मी त्यातलाच. सहानुभूतीबद्दल आभार.) 2011 मध्ये समीर नासरीच्या कराराचं एकच वर्ष उरलेलं, गेला मँचेस्टर सिटीला. 2012 मध्ये रॉबिन व्हॅन पर्सी, पुन्हा एकच वर्ष बाकी, सुमारे 2.4 कोटी पाउंडांत मँचेस्टर युनायटेडला. त्याने तिथे पहिल्याच सीझनमध्ये लीगमध्ये सर्वाधिक 26 गोल ठोकले आणि युनायटेडला चॅम्पियन केलं. जखमेवर मीठ चोळणे हा वाक्प्रचार बहुतेक याच प्रसंगासाठी राखून ठेवला असावा.

या चटक्यानंतर डिसेंबर 2012 मध्ये आर्सेनलने एक जंगी काम केलं. जॅक विल्शर, अॅरन रॅम्सी, किअरन गिब्ज, अॅलेक्स ऑक्सलेड-चेंबरलेन आणि कार्ल जेंकिन्सन या पाच जणांचे लांब मुदतीचे नवे करार एकदम जाहीर केले. सगळे ब्रिटिश, सगळे 19 ते 23 वयातले. आर्सेन वेंगर मध्ये आणि भोवती ही पाच पोरं, असा फोटोही झळकला. हीच आता पुढच्या दहा वर्षांची टीम, असा एकूण थाट.

पुढे काय झालं? गिब्ज 2017 मध्ये वेस्ट ब्रॉमला विकला. ऑक्सलेड-चेंबरलेन त्याच वर्षी सुमारे 3.5 कोटी पाउंडांत लिव्हरपूलला गेला, आणि तेव्हा त्याचंही शेवटचं एकच वर्ष उरलेलं! विल्शर 2018 मध्ये करार संपून फुकट गेला. रॅम्सी 2019 मध्ये तसाच फुकट युव्हेंटसला. जेंकिन्सन त्याच उन्हाळ्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टला. रॅम्सीने 2014 आणि 2017 च्या एफए कप फायनलमध्ये विजयी गोल मारले, ते आम्ही कोण विसरणार? पण लीग काही आली नाही.

आता दुसऱ्या पार्टीतले मित्र हाच दाखला माझ्या तोंडावर फेकतात. "बघ, पाचही जणांच्या सह्या घेतल्या, काय मिळालं?" माझं उत्तर असं की त्या सहीत काही चूक नव्हती. विल्शरचा घोटा दगा देणार हे 2012 मध्ये कुणाला छातीठोक सांगता येत होतं? घोळ झाला तो नंतर. रॅम्सी आणि ऑक्सलेड-चेंबरलेन या दोघांची घड्याळं पुन्हा टिकटिकत शून्याकडे आली, आणि किल्ली द्यायचं काम वेळेत झालं नाही. ज्या आजारावर औषध म्हणून त्या सह्या घेतल्या होत्या, तोच आजार पाच-सहा वर्षांनी पुन्हा उपटला.

आता थोडं गणित करू. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त हिशोब समजण्यापुरते. समजा एका क्लबात दहा होतकरू पोरं आहेत, प्रत्येकाला आठवड्याला 10 हजार पाउंड मिळतात. सगळ्यांना पाच वर्षांचा नवा करार आणि 20 हजार पगार दिला. म्हणजे जादा खर्च प्रत्येकी 26 लाख पाउंड, दहा जणांचा 2.6 कोटी. दहातला एकच जरी चमकला आणि त्याची किंमत 6 कोटी झाली, तरी सगळे पैसे वसूल. शिवाय उरलेल्या नऊ जणांना 20 हजार देणारे मधल्या फळीतले क्लब पुष्कळ सापडतात, त्यामुळे त्यांचीही कुठे ना कुठे सोय लागते.

आता त्याच पोरांना भरात येऊन आठवड्याला 1 लाख दिले तर? जादा खर्च प्रत्येकी 2.34 कोटी, दहा जणांचा 23.4 कोटी. आणि जे नऊ जण चमकले नाहीत त्यांना तेवढा पगार देणारा दुसरा क्लब शोधून सापडत नाही. तेही बिचारे हातातला पगार सोडून का जातील? आपण गेलो असतो का? मुदत तीच, पोरं तीच, फक्त पगाराच्या आकड्याने सगळा हिशोब उलटा झाला.

याचं जिवंत उदाहरण बार्सिलोनाचं. ऑगस्ट 2021 मध्ये लीगच्या खर्चमर्यादेत बसत नाही म्हणून मेस्सीला सोडावं लागलं. क्लब कर्जात बुडालेला, चाहते संतापलेले, काहीतरी आशेचं दाखवणं भाग होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये एका आठवड्यात दोन सह्या झाल्या. पेद्रीचा करार 2026 पर्यंत, अन्सू फातीचा 2027 पर्यंत. दोघेही तेव्हा 18 वर्षांचे. दोघांच्याही करारात 100 कोटी युरोंचं रिलीज क्लॉज. (स्पेनमध्ये ठरलेली रक्कम भरून करार तोडता येतो. 2017 मध्ये पॅरिसवाल्यांनी 22.2 कोटी युरो भरून नेमारला उचलून नेलं, तेव्हापासून बार्सिलोना अशा ठिकाणी कुणाला परवडूच नये असा आकडा टाकतं.)

फाती म्हणजे तेव्हाचा चमत्कार. सोळाव्या वर्षी पदार्पण, सतराव्या वर्षी चॅम्पियन्स लीगमधला सर्वांत तरुण गोल करणारा. मग नोव्हेंबर 2020 मध्ये गुडघा गेला. दहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर. सप्टेंबर 2021 मध्ये परतला तो मेस्सीचा 10 नंबर घालून, आणि आल्या आल्या गोल! महिन्याच्या आत सही. त्यानंतर मात्र दुखापती सुरूच राहिल्या. 2023 मध्ये ब्रायटनला उसना, 2025 मध्ये मोनॅकोला उसना. त्याच्या पगाराचा बोजा हा बातम्यांमधला नेहमीचा विषय झाला. पेद्रीच्याही मांड्या सारख्या दुखावायच्या, पण तो सावरला, संघाचा कणा झाला, आणि त्याचा करार पुढे 2030 पर्यंत वाढला.

दोघं एकाच वयाचे, सह्या एकाच आठवड्यातल्या. कोण टिकेल हे त्या आठवड्यात कुणाला ओळखता आलं असतं? मला तरी शंका आहे. म्हणूनच 'सिद्ध होईपर्यंत थांबा' हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटला तरी उपयोगाचा नाही. पोरगा सिद्ध झाला की त्याचा एजंट तुमच्या दारात नसतो, रियल माद्रिदच्या दारात असतो. पोग्बाला मँचेस्टर युनायटेडने 2012 मध्ये नाममात्र भरपाईवर जाऊ दिलं आणि 2016 मध्ये 8.9 कोटी पाउंड मोजून परत आणलं. थांबण्याची एवढी किंमत!

पण हे सगळं झालं क्लबाच्या चष्म्यातून. जरा त्या पोराच्या बाजूनेही बघू, कारण खरी बाजी त्याची लागलेली असते. विल्शर 2022 मध्ये तिशीतच निवृत्त झाला. आपण तिशीत कुठे टीम लीड व्हायची स्वप्नं बघत असतो! क्लबासाठी तो दहातला एक असतो, पण त्याला स्वतःला गुडघे दोनच. गुडघा फाटला तरी पाच वर्षं पगार येत राहील, ही हमी त्याला लवकर मिळालीच पाहिजे. फातीने परतल्या परतल्या सही केली यात त्याचं काहीच चुकलं नाही. तो धोका क्लबाने उचलला, आणि क्लबानेच उचलायला हवा होता.

दुसरीकडे सहीचा वापर दंडुक्यासारखाही होतो. पॅरिसच्या रॅबियोने करार वाढवायला नकार दिला तर डिसेंबर 2018 पासून त्याला बाकावर बसवून ठेवलं, शेवटी 2019 मध्ये तो फुकट युव्हेंटसला गेला. हाती काय आलं? फिफाने 18 वर्षांखालच्या पोरांना तीन वर्षांपेक्षा लांब करार करायला बंदी घातली आहे, ती मला फार योग्य वाटते. लमीन यमालचा 2031 पर्यंतचा करार म्हणूनच 2025 मध्ये, तो अठरा पूर्ण करत असताना झाला. त्याच जुलैमध्ये त्याला 10 नंबर मिळाला, जो आधी फातीच्या पाठीवर होता. इतकं पुरेसं बोलकं आहे.

असो. थोडक्यात काय, तर पहिली सही लवकर घ्या, पगार पायरीपायरीने चढवा, आणि दोन वर्षं उरली की पुन्हा टेबलावर बसा. आर्सेनलने सालिबाचा करार 2023 मध्ये 2027 पर्यंत केला आणि सप्टेंबर 2025 मध्ये, दोन वर्षांहून कमी काळ उरलेला असताना, 2030 पर्यंत वाढवला. रियल माद्रिदची नजर त्याच्यावर आहे अशी चर्चा चालू असताना! उलट लिव्हरपूलने सहा वर्षांचा असल्यापासून वाढवलेला ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड 2021 ची सही 2025 मध्ये संपली तसा माद्रिदला गेला. महिनाभर आधी सोडण्याचे सुमारे 1 कोटी युरो मिळाले, तेवढेच. पहिल्या सहीचे फोटो सगळेच काढतात. दुसऱ्या सहीची आठवण ज्यांना राहते, ते क्लब शहाणे.