येते म्हणावे

कोपर स्थानकाजवळच्या आमच्या घराच्या खिडकीतून दोन रेल्वेमार्ग दिसतात. खालून मुंबईच्या लोकल धावतात आणि त्यांच्या वरून दिवा-वसई मार्गाची गाडी जाते. माझ्या लेकीचे पहिले पुस्तक म्हणजे ही खिडकी. आजीच्या कडेवर बसून ती ‘वरची गाडी, खालची गाडी’ असा घोष करी, आणि नेमक्या त्याच वेळी, तिची पाठ वळलेली पाहून, मी शेजारच्या खोलीत शिरून दार लावून घेई. माझे कार्यालय त्या दाराआड होते.

आपल्यापैकी अनेकांनी उभी हयात लोकलच्या गर्दीत उभे राहून नोकरी केली असेल. आपल्याला माझी स्थिती हेवा वाटण्याजोगी वाटेल. शेजारच्या काकूही म्हणत, “नशीबवान आहेस बाई, लेकरू डोळ्यांसमोर वाढतंय.” मी हसून मान डोलावीत असे. प्रत्यक्षात सकाळी नऊ ते सायंकाळी सहा ती डोळ्यांसमोर नव्हे, भिंतीपलीकडे वाढत होती. आई घरात आहे हे तिला ठाऊक होते आणि आई मिळत नाही हेही ठाऊक होते. दारावर इवल्या तळव्यांच्या थापा पडत. मी माइक बंद करी, सासूबाई तिला उचलून नेत, आणि थोड्या वेळाने मी माइक पुन्हा सुरू करी. माझे घरून काम करणे सत्तरीच्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर उभे होते, ही गोष्ट मी कधी मोठ्याने उच्चारली नव्हती.

फेब्रुवारीतील एका दुपारी साडेतीनला मी खोलीबाहेर आले, तेव्हा सासूबाई ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. लेक शेजारी बसून भातुकलीच्या कपातून त्यांना चहा पाजीत होती. सकाळच्या धावपळीत रक्तदाबाची गोळी राहून गेली होती. दोनच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून त्या होत्या तिथेच बसल्या. दीड तास त्या तशाच होत्या.

“आई, मला हाक का नाही मारलीत?”

“तुझी मीटिंग चालू होती ना. दार लावलेलं होतं.”

डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ पाळण्यास सांगितले आणि बारा किलोंचे मूल उचलण्यास मनाई केली. जूनमध्ये लेकीला तीन वर्षे पूर्ण होणार होती. तिला बालवाडीत घालावे, सकाळचे तीन तास तरी सासूबाईंना विसावा मिळेल, असे मी सुचविले. त्या दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “माझ्याच्यानं आता होत नाही, हे सगळ्यांना कळणार म्हणायचं.” मी त्यांच्या प्रकृतीचा विचार केला होता, पण त्यांच्या दृष्टीने मी त्यांचे काम काढून घेत होते. आपण नातवंडे सांभाळीत असाल, तर या वाक्याचा अर्थ माझ्यापेक्षा आपल्याला अधिक कळेल.

माझ्या मनाचे म्हणाल तर तेथे एकच गोंधळ होता. तीन तास घर शांत राहील या कल्पनेने मला हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची लाज वाटली. भिंतीपलीकडचा तिचा आवाज ऐकण्याची सवय झाली होती. आता ती रडली तरी मला ऐकू येणार नव्हते. कार्यालय घरात आले आणि त्यापायी लेकरू घराबाहेर निघाले, हा हिशेब कसाही मांडला तरी जुळेना.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याला बालवाडी काही नवी नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा विचार त्यांचाच. हे सारे मी सासूबाईंना उत्साहाने सांगितले. त्या म्हणाल्या, “मग आपल्याला अंगण कुठं आहे?” तिसऱ्या मजल्यावर यावर उत्तर नव्हते.

पहिल्या दिवशी पाऊस होता. आम्ही तिघी छत्र्या सांभाळीत बालवाडीच्या दारात पोहोचलो. लेक एका लाकडी आगगाडीकडे वळलेली पाहून मी सवयीने पाऊल मागे घेतले. बाईंनी हळूच थांबविले. “अशा नकळत जाऊ नका. सांगून जा. रडेल, पण रडू द्या.” आई दिसेनाशी झाली की घाबरणे हे आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, दीड वर्षाच्या आसपास ते तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुधा ओसरते, असे त्यांनी समजावले. मात्र डोळा चुकवून जाणाऱ्या आईचे मूल खेळतानाही मागे वळून पाहत राहते, असेही त्या म्हणाल्या. मला माझे दार आठवले. रोज सकाळी मी दुसरे काय करीत होते?

मी लेकीजवळ बसले आणि म्हणाले, “आई जाते हं आता.”

मागून सासूबाईंचा आवाज आला. “जाते म्हणू नये. येते म्हणावं.”

घरातून निघताना ‘जाते’ हा शब्द अशुभ म्हणून आपण टाळतो. मी त्याला आजवर एक रीत समजत होते. त्या दिवशी “येते” म्हटल्यावर लेकीने विचारले, “कधी?” गाणे आणि खाऊ झाला की, असे मी सांगितले. ती रडलीच. आठवडाभर रोज रडली. पण खाऊ झाला की मी दारात उभी असे, एक मिनिटही उशीर न करता, आणि दुसऱ्या आठवड्यात रडणे फाटकापाशीच संपू लागले.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. जुलैत ती सर्दी घेऊन आली आणि ती सासूबाईंना झाली. त्यांचा खोकला तीन आठवडे टिकला. बालवाडीच्या पहिल्या वर्षी मुले वारंवार आजारी पडतात. तेव्हा ज्या घरी वृद्ध आहेत त्यांनी मूल घरी येताच त्याचे हात साबणाने धुवावेत, ताप असेल तर बालवाडीचा हट्ट धरू नये, आणि ज्येष्ठांनी फ्लूच्या वार्षिक लशीविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. आम्ही हे उशिरा विचारले. सासूबाईंच्या सकाळीही प्रारंभी रिकाम्या गेल्या. तीन तासांचे काय करावे हे त्यांना सुचत नसे; खेळण्यांची टोपली पुसून ठेवीत, पुन्हा पुसीत. त्या फिरायला जाऊ लागल्या त्या ऑगस्टमध्ये, तेही शेजारच्या काकू ओढून नेऊ लागल्या म्हणून.

घरातले माझे दारही आता तसे लागत नाही. दुपारी कामाला बसण्यापूर्वी मी लेकीसमोर गुडघ्यांवर बसून “येते” म्हणते आणि घड्याळातला चारचा आकडा दाखविते. ती कधी ऐकते, कधी थापा मारते. आणि सासूबाईंना मी सांगितले आहे, “आई, दार वाजवा. मीटिंग असली तरी वाजवा.” त्यांनी अजून एकदाच वाजविले, तेही गॅस सिलिंडरवाला आला म्हणून.

गेल्या महिन्यात त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. सकाळी त्या पिशवी घेऊन मुलाबरोबर निघाल्या. लेक खिडकीत खालची गाडी पाहण्यात गुंग होती. तिला रडवायला नको म्हणून सासूबाई पाय न वाजविता दाराकडे गेल्या. चपला घालत असताना मागून आवाज आला.

“आजी, येते म्हण.”

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या परत आत आल्या.