धनगराची वाट

धनगराला घर नाही, असे आपण सुशिक्षित लोक सहज बोलून जातो. मला वाटते, त्याचे घर वाटेवर पसरलेले असते. दिवाळीच्या सुमारास देशावरून घाट उतरावा, कोकणातील भात कापलेल्या शेतांत रात्री मेंढरे बसवावी, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घ्यावे आणि मृगापूर्वी वर परतावे, हा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा क्रम. अवर्षण व अतिवृष्टी दोन्ही चुकविण्याची ही युक्तीच होय.

हल्ली मात्र पाऊसच तिथी पाळीनासा झाला आहे. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पावसाने पुणे व नगर जिल्ह्यांत हजारो शेळ्यामेंढ्या गारठून मेल्या. उघड्या माळावर जाळीच्या वाघरीचा आडोसा तो कितीसा!

"आता काय करता, बाबा?" असे मी एका वृद्ध मेंढक्याला विचारले. तो म्हणाला, "आधी नक्षत्र बघायचो. आता पुढं गेलेल्या वाड्याला फोन करून इचारतो."

कोणी मांसाच्या दरासाठी थोराड माडग्याळ मेंढी पाळतो. याने मात्र लांबच्या चालीला व निकृष्ट चाऱ्याला टिकणारी काळी दख्खनीच राखली आहे. ऋतू बदलला तर तो वाट बदलील; परंतु वाटांवर आपणच कुंपणे घालीत सुटलो, तर त्याच्यापाशी दुसरा उपाय उरणार नाही.